बारा कोरे फॉर्म

जमलेल्या माझ्या माणसांनो, आणि सरांच्या घरच्या काकू, तुम्हीसुद्धा. भोकरहून, लातूरहून, एवढ्या उन्हातान्हात सरांच्या शोकसभेला आलात. मला बोल म्हणाले. मी जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणारी बाई, आणि आज मलाच बोलायचंय. सांभाळून घ्या.

मी रेखा, निलंग्याची. गायकवाड सरांच्या हाताखाली नोकरीला लागले. तुमच्यातल्या कितीतरी जणांना अजून वाटतं, सर टीव्हीवर होते! हसा, हसा. सरांना रडकी सभा आवडली नसती. सर टीव्हीवर नव्हते. तरुण पोरापोरींना काय आवडतं, ती टीव्ही कधी बघतात, चॅनेल कशानं बदलतात, हे विचारत ते नांदेड-लातूर पालथं घालायचे आणि मुंबईच्या एका चॅनेलला कळवायचे. उदगीरची पोरं तर फॉर्मवर जिल्हा 'उदगीर' असंच लिहायची. अरे, अजून झाला कुठं तुमचा जिल्हा! सर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. पोरगं म्हणतंय तेच लिही. मुंबईवाल्यांना कळू दे."

आता माझं पाप सांगते. काकूंना ठाऊक आहे, बाकीच्यांनी आज ऐका.

दुष्काळाचं साल. लातुरात नळाला पाणी नाही. क्लाससाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरींच्या मुलाखती माझ्याकडं होत्या. आणि ऊन असं, की डोकं फुटावं. मी काय केलं? रसवंतीत पंख्याखाली बसले आणि बाराच्या बारा फॉर्म माझ्या मनानं भरून टाकले. खानावळीतला टीव्ही कधी बघता? रोज संध्याकाळी सात वाजता. बाराही जणी सात वाजता! अक्कल बघा माझी.

सरांनी फॉर्म चाळले. संध्याकाळी मला त्याच गल्लीत घेऊन गेले. सातला टँकर आला. सगळ्या पोरी घागरी, बादल्या घेऊन पळाल्या. सर हळूच म्हणाले, "रेखाबाई, ह्यातली कोणती पोरगी टीव्ही बघायलीय?"

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. नोकरी गेली म्हणजे सगळंच गेलं. घरी स्थळ ठरत आलं होतं. 'पोरगी नोकरीला हाय' एवढ्यावरच आई माझ्या वडिलांना थोपवून धरत होती. पण सरांनी पिशवीतून बारा कोरे फॉर्म काढले. "आता विचार. आणि विचारलं की गप्प बस. उत्तर आपण पुरवायचं न्हाई."

विचारलं. गप्प बसले. एक पोरगी बादली धरून उभी होती. तिनं बादली भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ताई, त्या चॅनेलवरच्या पोरींचे केस रोज धुतलेले असतात. आम्ही पंधरा दिस झाले, डोक्यावरून न्हालो न्हाई. बघू वाटत न्हाई मग." ह्याला फॉर्मात रकानाच नव्हता. सरांनी पाठकोऱ्या बाजूला शब्दन् शब्द लिहायला लावला.

मुंबईच्या साहेबांचा फोन आला, लातूर सोडा, दुसऱ्या गावच्या पोरी घ्या. सर म्हणाले, "साहेब, पोरी कशाला बदलता? टाइम बदलून बघा की!" मी शेजारी उभी, हसू आवरेना. आणि ऐकलं हो त्यांनी! तोच कार्यक्रम दुपारी परत दाखवायला लागले. केसांचं मात्र काही झालं नाही.

सरांनी मला काढलं नाही. माझ्या घरी अक्षर कळू दिलं नाही. चार वर्षांनी मी माझ्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा सर पहिल्या पंगतीला वाढायला उभे होते. किती सुखात आहे मी, काकू, काय सांगू!

गेल्या महिन्यात विष्णुपुरीला सरांच्या घरी गेले तेव्हा विचारलं, "सर, तेव्हा मला काढलं का न्हाई?" विचारलं आणि गप्प बसले. त्यांनीच शिकवलेलं ना. काकूंनी दिलेला चहा गार झाला. सर माझ्याकडं बघून नुसते हसत राहिले. उत्तर काही दिलं नाही.

ते उत्तर मी आज माझ्या मनानं भरणार नाही. कोरं राहू दे.

उठा सगळे. दोन मिनिटं गप्प उभं राहू.

जयभीम, सर.