नवऱ्याच्या समुद्रात शून्य मीठ

हसू नका, पण लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच मी नवऱ्याची फाइल परत पाठवली होती.

बहरीनला आल्यावर मला विद्यापीठाच्या लायब्ररीत काम मिळालं. संशोधकांचा डेटा तपासायचा आणि सगळ्यांना वापरता येईल असा खुला करायचा. माझा नवरा अनिकेत तिथेच समुद्राच्या पाण्यावर संशोधन करतो. त्याचा डेटा संध्याकाळपर्यंत खुला झाला नाही, तर जर्नल त्याचा पेपर छापणार नव्हतं.

फाइलमध्ये मधेच खारटपणा शून्य. मी फोन लावला.

"इथला समुद्र गोडा कधीपासून झाला?"

"अगं, त्या दिवशी मीटर बिघडलं होतं, म्हणून शून्य टाकलं."

"मग मोजलं नाही असं लिही. परक्या माणसाला कसं कळणार?"

"आता चालवून घे ना! नाहीतर पेपर खलास."

"दुरुस्त करून पाठव, मी थांबते."

धुसफुसत का होईना, त्याने वेळेत पाठवलं. पेपरही छापून आला.

पुढे मस्कतच्या एका संशोधक बाईंची ईमेल आली: नोंदी इतक्या स्पष्ट आहेत, की आम्हाला थेट वापरता आल्या.

अनिकेतने लगेच रत्नागिरीला फोन केला. "आई, मी पहिल्यापासून काटेकोरच आहे गं!"

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईला फोन दे."