येऊ दे, येऊ दे

विमानं उतरवणाऱ्या शिकाऊ हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मुलाखती होत्या. पुढचा नंबर आपलाच, म्हणून एक उमेदवार डोळे मिटून उत्तरं घोकत होता. पण शेजारच्या नवरा-बायकोची कुजबुज त्याच्या कानांचा पिच्छा सोडेना.

“तूच मागे उभी राहून म्हणालीस, येऊ दे, येऊ दे.”

“मग? जागा होती तोवर म्हणाले.”

“आणि ‘बस’ कधी म्हणालीस? धाडकन आवाज झाल्यावर!”

“आवाज झाला, म्हणून तर म्हणाले.”

“अगं, आज तुझी मुलाखत कसली आहे, आठवतंय ना?”

“आठवतंय. तुला आरशात बघायला काय झालं होतं?”

“तुझ्यावर विश्वास ठेवला.”

“जन्मात कधी ठेवला नाहीस, आणि ठेवलास तो नेमका आज!”

“विमानात दोनशे माणसं असतात गं.”

“असू देत. ती तुझ्यासारखी डोकं तरी खाणार नाहीत.”

दार उघडलं. मुलाखत घेणारे साहेबच बाहेर आले. हातात फुटक्या दिव्याची लाल काच.

“माझी गाडी कुणी ठोकली?”

बायको ताडकन उठली आणि तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“पायलटची चूक, सर.”

साहेबांचा चेहरा एकदम खुलला.

“अनुभव आहे की तुम्हाला! या, आधी तुम्हीच या.”