वडिलांचं पाकीट

बहीण : दार कशाला लावता, पाळकसाहेब? बाहेर सगळ्यांना माहीत आहे. उमेदवारांच्या यादीतून माझं नाव खोडलं, हे माझ्याआधी चहाच्या टेबलावर कळलं.

भाऊ : खोडलं नाही. अपात्र ठरलं. दोन्हींत फरक आहे.

बहीण : खोडलंस तू, दादा. हिरवी शाई अख्ख्या मंडळीत खजिनदार म्हणून तू एकटा वापरतोस.

पाळक : ताई, बसा ना. म्हणजे बघा, निवडणुकीला अजून वेळ आहे. लोकांचा चहा होऊ द्या, तोवर शांतपणे बोलू.

बहीण : उभीच बरी आहे मी. बसले की तुम्ही प्रार्थना सुरू करता, आणि माझं बोलणं राहून जातं.

भाऊ : मुद्द्यावर ये. मंडळीच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय. जो सभासद कमाईच्या दशमांशाचं पाकीट नियमित देत नाही, तो मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी पंच, होऊ शकत नाही. तू देत नाहीस. विषय संपला.

बहीण : तुझा संपला. बाबांना एकटं ठेवता येत नाही म्हणून लॅबमधली अर्धी पाळी सोडली मी. पगार अर्धा झाला. तो दिवसाच्या बाईला आणि डायपरला जातो. दशमांश कशाचा काढू?

भाऊ : अडचणी सगळ्यांनाच असतात. मागच्या बाकावरच्या शिंप्याला काय कमी आहेत? त्याचं पाकीट येतं. पाळकसाहेब, खोटं बोलतोय का मी?

पाळक : नाही, येतं त्याचं. पण ताईंची गोष्ट, म्हणजे...

भाऊ : ज्याचा देवाच्या घरी खिशात हात जात नाही, त्याने त्या घराचा कारभार कशाला मागावा? चर्चच्या छपराचं काम आम्ही चौघांनी ओढलंय. आता हिने वडील म्हणून येऊन बसायचं आणि आमच्या पैशांवर हात वर करायचा!

बहीण : कारभार गेला चुलीत! मला तुझं छप्पर नको, तुझ्या किल्ल्या नकोत. मला ती पेटी हवी आहे.

भाऊ : कुठली पेटी?

बहीण : ती काय, कपाटावर. धूळ खात पडलेली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस न्यायची. तिला पाळकाने हात लावायचा, नाहीतर मंडळीच्या वडिलांनी. तिसऱ्या कुणी नाही. बरोबर ना, पाळकसाहेब?

पाळक : बरोबर. पण माझ्याकडे तीन मंडळ्या, ताई, आणि हा असा गुडघा. तुमच्याकडे जिने केवढे. यायचं म्हणतो मी, दर महिन्याला म्हणतो...

बहीण : तुम्ही म्हणता, आणि तिकडे बाबा रविवार आला की गळ्याचं बटण लावून खुर्चीत बसतात. तेवढं एकच बटण लावता येतं त्यांना आता. मला विचारत राहतात, "वडील निघाले का? भाकर घेऊन निघाले का?" आईचं नाव विसरलेत, मी त्यांना दवाखान्यातली सिस्टर वाटते. पण भाकर येणार, हे काही विसरत नाहीत.

भाऊ : मग तू घरच्या घरी पाव मोडून द्यायचास. त्यांना काय कळणार आहे?

बहीण : ऐका, पाळकसाहेब. हे मंडळीचे वडील बोलतायत.

भाऊ : शब्दात पकडू नकोस मला.

बहीण : दिला होता. तोंडात घेतला आणि थुंकले. म्हणाले, "सिस्टर, हे तुमचं काम नाही." उभी हयात ती पेटी त्यांनी उचलली, दादा. पाऊस, आजारपण, कशाला बघितलं नाही. त्यांना कळतं. आणि तू आज वडील आहेस. एकदा तरी नेलीस त्यांच्यासाठी?

भाऊ : विषय बदलू नकोस. आणि नियम लिहिला कुणी? बाबांनीच. पाकीट नाही म्हणून त्यांनी मामांचंसुद्धा नाव काढलं होतं. सख्खा मेहुणा, तरी काढलं!

बहीण : माहीत आहे. मामांनी त्यानंतर आपल्या घराची पायरी चढली नाही. आईच्या मातीला आले तेही फाटकापाशी उभे राहिले. चुकले होते बाबा. त्यांचं एवढं सगळं होतं, त्यातली तू चूकच तेवढी जपलीस.

भाऊ : तोंड सांभाळ! बाबांचं नाव आहे त्या भिंतीवरच्या फळ्यावर. तहहयात वडील!

बहीण : आहे ना. तहहयात वडिलांनाही पाकीट लागतं का हो, पाळकसाहेब?

पाळक : लागतं. आणि येतं की त्यांचं. दर महिन्याला, न चुकता.

बहीण : कुठून येतं? त्यांची पेन्शन माझ्या हातात येते आणि सरळ औषधवाल्याकडे जाते.

पाळक : मला वाटलं, तुम्हीच...

बहीण : मी? माझं स्वतःचं नाही, तर त्यांचं कुठून भरू?

भाऊ : मी भरतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मुलाने बापाचं नाव राखू नये?

बहीण : राख की! नावाची कूस बदलावी लागत नाही. नावाची चादर ओली होत नाही. नाव सांभाळायला फार सोपं आहे, दादा.

भाऊ : मी पैसे देऊ केले होते तुला.

बहीण : एकदा. तुझ्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या देखत, मंडळीच्या पाकिटात घालून. वर छापलेलं होतं, "अर्पण".

भाऊ : घाईत दुसरं पाकीट सापडलं नाही! एवढ्यावरून तू ते फेकून दिलंस?

बहीण : दिलं. गरज होती तरी दिलं. तुझ्या तोंडावर फेकायचं होतं, नेम चुकला.

पाळक : ताई, खजिनदार, जरा हळू. बाहेर ऐकू जातंय.

बहीण : जाऊ दे. पाकीट स्वतःच्या हाताने दिलेलं हवं, असंच लिहिलंय ना तुमच्या घटनेत? मग नियम सगळ्यांना एकच लावा. माझं नाव खोडलंत, तर फळ्यावरचं बाबांचंही उतरवा. आत्ता. स्टूल कुठाय? मीच चढते.

भाऊ : फळ्याला हात लावलास तर बघ!

बहीण : काय करशील?

भाऊ : अगं, तेवढंच राहिलंय माझ्याकडे त्यांचं! गेलो होतो मी. तू कामावर होतीस. मला बघून ते उठून उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "साहेब, भाडं पुढच्या महिन्यात नक्की देतो." मला म्हणाले! बापाने माझ्यापुढे हात जोडले. तो जिना उतरलो, तो परत चढवला नाही मला.

बहीण : मला रोज सिस्टर म्हणतात. मी रोज चढते.

पाळक : घंटा झाली. लोक बसले असतील, मला नावं वाचायची आहेत. ताई, असं करा, या वर्षी थांबा. म्हणजे बघा, छप्पर अर्ध्यावर आहे. अशा वेळी खजिनदारांना दुखवणं... पुढच्या वर्षी घटना बघू आपण. मी स्वतः विषय काढतो.

बहीण : बरं. बाबांना निरोप देते. जरा थांबा म्हणावं, छप्पर व्हायचंय.

पाळक : मी येतो ना या आठवड्यात. नक्की येतो.

बहीण : गुडघा सांभाळा.

(पाळक जातात. दार उघडंच राहतं. बहीण पिशवी खांद्याला लावते.)

भाऊ : थांब जरा.

बहीण : बाई ताटकळली असेल. तिच्या पोरांच्या जेवणाची वेळ झाली.

भाऊ : माझ्याबद्दल कधी काही बोलतात का?

बहीण : परवा भिंतीवरचं मंडळीचं कॅलेंडर पुसत होते. तुम्हा सगळ्यांचा फोटो आहे त्यावर. तुझ्यावर बोट ठेवून म्हणाले, हे कोण?

भाऊ : मग?

बहीण : मी सांगितलं, हे आपल्या मंडळीचे वडील.

भाऊ : काय म्हणाले?

बहीण : परत फडकं फिरवलं त्यावर. मग म्हणाले, "चांगला दिसतो पोरगा. याचे वडील कुठे असतात?"

भाऊ : तू काय सांगितलंस?

बहीण : म्हटलं, जवळच असतात. बसने दोन स्टॉप.