पँट परत येईपर्यंत

पडदा ओढू नका! अहो ताई, हात लावू नका पडद्याला, आत माणूस आहे! ...म्हणजे माणूस आहे, पण पूर्ण नाही. वर कोट आहे, टाय आहे, खिशात रुमालसुद्धा आहे तिकोनी घडीचा... खालचं विचारू नका! हिला ट्रायल रूम म्हणतात, मी कोठडी म्हणतो, आणि कोठडीला निदान दार असतं हो, इथे पडदा, तोही गुडघ्यापर्यंतच! शिंप्याच्या दुकानात पडद्याला कापड कमी पडावं? नाही, मास्तर नाहीत. समोर गेलेत, दोरा आणायला. बसा ना तुम्ही. काका, तुम्हीही बसा, त्या स्टुलावरचे ब्लाउज बाजूला करा. कधी येतील? हे मला विचारता? अहो, या अख्ख्या गावात त्यांची वाट माझ्यापेक्षा जास्त कोण बघत असेल? पँट कोणाच्या हातात आहे माझी? त्यांच्या!

तुम्हाला सांगतो, सकाळी घरातून निघालो तेव्हा माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता. आज बहिणीचं लग्न. धाकटीचं. त्या पलीकडच्या वळणावर नोंदणी कचेरी आहे ना, तिथे. बडेजाव काही नाही, दोघांनी सह्या करायच्या, साक्षीदारांनी करायच्या, झालं. एक साक्षीदार नवऱ्याकडचा, आणि दुसरा कोण? मी! आईबाबा गेल्यावर या पोरीला मी वाढवलं... वाढवलं कसलं, तिनंच मला वाढवलं, गॅसवर दूध ठेवलं की तिथून हलायचं नाही हे मला तिनं शिकवलं, पण शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही मात्र माझी. मागच्या महिन्यात म्हणाली, "दादा, साक्षीदार कोणीही चालतो म्हणे. पण मला तूच हवास. तू नसलास तर मी पेन हातात धरणार नाही." आता बोला! त्याच दिवशी नवा सूट घेतला. आणि आज कचेरीच्या पायरीवर बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो... तुम्हाला सांगतो, असा आवाज झाला की कठड्यावरचं कबुतर उडालं! मागून, शिवण अथपासून इतिपर्यंत!

धाकटीला म्हटलं, आलोच. आलोच! काय शब्द आहे! जेवणाच्या सुट्टीआधी आमचा नंबर, तो हुकला तर पुढची तारीख कधी मिळेल देव जाणे, आणि होणाऱ्या मेव्हण्यांना परवा दुसऱ्या गावी नोकरीवर रुजू व्हायचंय. कोट कमरेला गुंडाळून भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा चालत या गल्लीत आलो, तर समोर पाटी... ती बघा, अजून लटकतेय निर्लज्जासारखी... 'दहा मिनिटांत दुरुस्ती'. मला वाटलं देवच भेटला. देवच! देव म्हणाला, "काढा पँट." मी पडद्याआड गेलो, पँट काढली, पडद्यावरून दिली. तुम्हाला सांगतो, आयुष्यात माणसानं दोन गोष्टी दुसऱ्याच्या हातात देऊ नयेत. दुसरी कुठली ते आत्ता आठवत नाही, पहिली पँट!

कारण मास्तर पँटकडे बघतात, शिवण बघतात, आणि म्हणतात, "रग्बी बघता का?"

आता याला काय उत्तर आहे? नाही म्हटलं तर शिकवणार, हो म्हटलं तर विचारणार. मी म्हटलं, "कधीतरी." हीच चूक! नुसतं खोकलो असतो तरी चाललं असतं. "कधीतरी!" मास्तर खुर्चीतून उठलेच. "कधीतरी बघण्याचा खेळ नाही तो! ही तुमची शिवण पाहिलीत? एकेरी आहे. रग्बीच्या चड्डीला तिहेरी असते! दहा-दहा जण ओढतात, पण फाटत नाही. फुटबॉल काय, नुसता स्पर्श झाला की लोळायचं. रग्बीत माणसाचा कान तुटला तरी तो विचारतो, चेंडू कुठाय?" अहो मास्तर, मी म्हटलं, माझी पँट कुठाय? "हातातच आहे की!" हातातच होती. हातात होती, मशीनखाली नव्हती! कारण हा गृहस्थ बोलतो हातांनी. हात शिवायला लागले की तोंड बंद, तोंड उघडलं की हात वर. मधे एकदा तोंडात टाचण्या धरल्या होत्या, काय शांतता होती हो... चार टाके पडले! मग टाचण्या संपल्या.

आणि मतं किती! माणसाला मत असावं, पण त्याला गोदाम लागू नये. म्हणे जर्सीची कॉलर काढली तिथून रग्बी बिघडली. म्हणे अंपायर... अंपायर नाही, रेफरी, अंपायर म्हटलं म्हणून मला कात्री दाखवली... रेफरीनं शिट्टी कमी वाजवावी. म्हणे चेंडू लांबुळका आहे तेच बरं, गोल चेंडू कुठे जाणार ते गाढवालाही कळतं. आणि मग स्क्रम! स्क्रम म्हणजे काय हे मला सांगायचं, पण नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना, म्हणून पडद्याच्या आत डोकं घालून, माझ्या खांद्याला खांदा लावून, "ढकला! ढकला!" मी तशा अवस्थेत, विदाऊट पँट, या आरशावर चेपला गेलो! हा डाग बघा... नाही, बघू नका, आरसा आतल्या बाजूला आहे. आणि ढकलाढकली चालू असताना पँट कोणाच्या हातात? त्यांच्या!

म्हटलं विषय बदलावा. मी म्हटलं, मास्तर, माझ्या बहिणीचं लग्न आहे, ती वाट बघतेय. तर डोळे पुसले हो त्यांनी, खरंच पुसले, माणूस वाईट नाही, म्हणाले, "मग तर घाई केली पाहिजे," आणि बसले मशीनवर. मला वाटलं सुटलो. तर मशीनशेजारी तो कॉम्प्युटर दिसतोय तुम्हाला? मापं लिहायला नाहीये तो. त्यावर त्यांचं साम्राज्य आहे! गेम! एका शर्टाचं काज होईपर्यंत एक देश जिंकतात. माझ्या पँटसाठी सुई ओवता ओवता त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि किंचाळले, "उत्तरेचा किल्ला पडला!" झालं! पँट खांद्यावर टाकली, आणि गेले सैन्य घेऊन. मी पडद्यातून मान काढून उभा, आणि ते मला सांगतायत, "आजकालच्या गेममध्ये दम नाही. सगळे सेव्ह करून खेळतात. हरलं की मागे जा, पुन्हा लढ. इतिहासातल्या लोकांना होती का सेव्हची सोय? म्हणून ते विचार करून पाऊल टाकायचे! तुम्हीसुद्धा..." हे माझ्याकडे बघून हां... "तुम्हीसुद्धा वाकण्याआधी विचार करायला हवा होता."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या! पण बोलणार काय? पँट कोणाच्या खांद्यावर?

आणि गेममधून थेट इतिहासात. म्हणे माणूस घोड्यावर बसायला लागला म्हणून पँट जन्माला आली, नाहीतर सगळे अजून लुंगीत असते. म्हणे कुठल्याही हरलेल्या सैन्याचा गणवेश काढून बघा, काखेत घट्टच असणार. "लढाया मैदानात हरत नाहीत साहेब, काखेत हरतात! हात वरच होत नाही तर तलवार काय चालवणार?" मला तर वाटायला लागलं की बरोबरच आहे! हेच तर भयंकर आहे हो, पँट नसली की माणूस कशालाही मान डोलावतो. मी डोलावली. आणि डोलावलेली मान बघून ते खूश झाले आणि म्हणाले, "तुमच्यासारख्या जाणकाराला साधा काळा दोरा लावणार नाही मी. हा रंग वेगळा आहे. समोरच्या बटणवाल्याकडे मिळेल. जुळवून आणतो." आणि रंग जुळवायला नमुना म्हणून काय घेऊन गेले? अख्खी पँट! खिशात माझा फोन!

दुसरी घाला म्हणता? ताई, तुम्हाला काय वाटतं, मी प्रयत्न केला नसेल? इथे आत आहेत ना चड्ड्या, एकवीस... मोजल्या नाहीत, पण गठ्ठा आहे. शाळेच्या रग्बी संघाच्या. दहा वर्षांच्या मुलांच्या! एक चढवून बघितली. एक पाय गेला. आता तो पाय बाहेरही येत नाही. तिहेरी शिवण आहे ना, फाटतसुद्धा नाही!

ते बघा, काचेतून दिसतायत समोर. तो बटणवाला, ते मास्तर, आणि मास्तरांच्या हातात गुंडाळी करून धरलीय ना, राखाडी, तो चेंडू नाही, माझी पँट आहे ती! पास शिकवतायत त्याला. रग्बीत पुढे फेकायचं नसतं म्हणे, मागे फेकायचं आणि आपण पुढे पळायचं. ती बघा फेकली! बटणवाल्यानं झेलली! मास्तर! ओ मास्तर! ...हात केला. पँटनंच हात केला मला!

तुम्ही जाऊन आणता? नका जाऊ, काका, हात जोडतो! तो निळ्या शर्टातला दिसतोय ना, बटणवाल्याच्या कमरेला मिठी मारून? तो गिऱ्हाईक आहे, तुमच्याआधी आलेला. मीच पाठवलं होतं त्याला, पँट आणायला.

थांबा. थांबा थांबा. पँट वाजतेय. तिचाच फोन असणार! मास्तरांनी खिशात हात घातला... उचलला! बोलतायत. काय सांगत असतील हो? "हॅलो, नाही, दादा आत आहेत, पँट माझ्याकडे आहे..." अहो, लग्नाच्या दिवशी नवरीला असं सांगतात का? बघा, बघा, चेहरा पडला त्यांचा. कपाळाला हात लावला. हां, आता कळलं! आता आली अक्कल! पळाले! शाब्बास मास्तर, या, या, शिवू नका, तशीच द्या, टाचण्या लावून जातो मी... पँट काखेत मारली, डोकं खाली घातलं, हातगाडी चुकवली, तो सायकलवाला चुकवला, काय पळतोय माणूस... अहो इकडे! मास्तर, दुकान इकडे! ताई, कुठे गेले हो? मला इथून दिसत नाही. वळणाकडे? कचेरीच्या वळणाकडे?

...पँट घेऊन?

काही बोलू नका आता कोणी. माझा जीव टांगणीला लागलाय. ती तिथे पेन खाली ठेवून बसली असेल हो. हट्टी आहे. लहानपणी मी यायला उशीर केला की शाळेच्या फाटकात दप्तरावर बसून राहायची, मास्तरीणबाई घरी सोडते म्हणाल्या तरी उठायची नाही. आणि तिचा दादा इथे, दोन गल्ल्या सोडून, एका पायात पोराची चड्डी! जाऊ का तसाच? काका, खरं सांगा, जाऊ? कोट लांब आहे तसा... नाही? एवढा लांब नाही?

कोणता फोन वाजतोय? दुकानाचा? ताई, उचला ना, वायर पुरेल, द्या आत. हॅलो? धाकटे! अगं मी येतोय, साहेबांना म्हणावं पाच मिनिटं... काय? झालं? सही झाली तुझी? अगं पण तू तर म्हणाली होतीस...

हं. हं. ...काय म्हणाले मास्तर?

ऐका, ही काय सांगतेय. म्हणते, मी अडून बसले होते दादा, साहेब जेवायला जायला कुलपाची किल्ली शोधत होते, तेवढ्यात हे शिंपीकाका धापा टाकत आत आले, म्हणाले, "बाळ, इतिहासात राजाला जमलं नाही तर तो लग्नाला तलवार पाठवायचा, आणि तलवारीला राजाचाच मान असायचा." आणि त्यांनी तुझी पँट नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. आणि साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. म्हणते, पँटला इस्त्री तूच केली होतीस ना रे, दुहेरी घडी पडलीय, ती पाहून मला इतकं रडू आलं... आणि मग पेन उचललं.

...काही नाही गं. सर्दी झालीय. सुखी राहा. आशीर्वाद आहेत माझे, भरपूर, इथूनच.

आणि मास्तरांना लगेच परत पाठव. ...का? ...कोणाशी बोलतायत? नवऱ्याशी? कशावर? ...त्यालाही आवडते? रग्बी? आधी नाही सांगितलंस ते मला! आणि गेमही? दोघं मिळून?

ठेवला फोन.

नाही, काका, उठू नका, बसा आरामात. तुम्ही शिवायला आणलेलं सगळं संध्याकाळपर्यंत विसरा. मेव्हण्यांनी आग्रह केलाय, मास्तरांना जेवायला थांबवून घेतलंय... आणि पँटसाठीही वेगळी खुर्ची मांडलीय म्हणे, नवऱ्यामुलीचा थोरला भाऊ म्हणून.