तीसवर थांबणारा कंगवा

(दुपारचे तीन. स्वयंपाकघरात आई खुर्चीवर बसलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिच्या मागे लेक उभी, हातात कंगवा.)

आई: आई गं! हळू. दुखतंय.

लेक: कुठे दुखतंय? कधीपासून? एक ते दहामध्ये किती?

आई: अगं बये, केस ओढलेस तू. झटका नाही आला मला.

लेक: सॉरी.

आई: ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधलं ते प्रश्नांचं कार्ड घरी आणायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?

लेक: आपोआप आलं तोंडात.

आई: तेच म्हणते मी. तोंड आपोआप, हात आपोआप. तू कुठेयस त्यात?

लेक: इथेच आहे. गुंता काढतेय.

आई: गुंता कधीच निघाला. मघापासून त्याच बटेवरून कंगवा फिरतोय. टक्कल पाडशील. बरं, एक सांग, तू तीसवर का थांबतेस?

लेक: कशाच्या तीसवर?

आई: तीस वेळा कंगवा फिरवतेस, जरा थांबतेस, परत तीस. काल मोजलं, आज मोजलं. सत्तावीस वर्षं चालत्या बसमध्ये डोकी मोजलीयत मी. इतर कशात चुकेन, मोजण्यात नाही.

लेक: मला माहीत नव्हतं.

आई: कशाचे तीस असतात ते?

लेक: छाती दाबायचे. माणूस पडला, श्वास थांबला, तर जवळच्या माणसाला फोनवरून सांगायचं. आपण मोजायचं, त्याने दाबायचं.

आई: म्हणजे गेले दहा दिवस माझ्या डोक्यावर तेच चाललंय.

लेक: कंगवा ठेवू का?

आई: ठेवू नकोस. हात मोडल्यापासून केस विंचरून द्यायला मला दुसरं कोण आहे? चारला जायचंय ना तुला, त्या समुपदेशक मॅडमकडे?

लेक: नाही जात.

आई: का?

लेक: गरज नाही. रजा संपली, उद्या कामावर हजर होतेय. त्याचा फॉर्म भरला.

आई: काय भरलंस?

लेक: झोप लागते का, लागते. जेवण जातं का, जातं. कामात चूक झाली का, नाही. घरी काही प्रसंग घडला का, नाही.

आई: नाही?

लेक: नाही लिहिलं.

आई: आणि हे काय लटकलंय माझ्या गळ्यात? दागिना?

लेक: तू दादाला फोनवर सांगितलंस की बाथरूममध्ये पाय घसरला आणि हिने लगेच उचललं.

आई: सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हटलं. तो तिकडे, लांब, उगाच जिवाला घोर. शेजारच्या टेलरकाकूलाही म्हटलं, कुठे बोलू नकोस. ती बिचारी उसवलेली बाही दाखवायला आली आणि तिनेच मला उचललं त्या दिवशी.

लेक: हो.

आई: पण मूठ जगासाठी झाकली गं. तू आणि मी कशाला झाकतोय?

लेक: काय बोलायचं त्यावर?

आई: काय झालं ते.

लेक: तू पडलीस. मी दारात आले. तू शुद्धीवर होतीस, श्वास नीट होता, रक्त नव्हतं.

आई: पुढे.

लेक: मी म्हटलं, शांत राहा, हलू नका.

आई: हलू नका! मला, जन्मदात्या आईला, अहो-जाहो. पुढे?

लेक: म्हटलं, गाडी निघाली आहे.

आई: कुठली गाडी? कुणाला फोन केला होतास?

लेक: कुणालाच नाही.

आई: अकरा मिनिटं. माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं बाहेरच्या भिंतीवर. अकरा मिनिटं तू चौकटीला टेकून उभी. चार वेळा म्हणालीस, गाडी निघाली आहे, शांत राहा. मी हात पुढे केला, हा नाही, डावा. दोन पावलांवर होतीस. तू पाहिलास माझा हात?

लेक: पाहिला.

आई: मग?

लेक: पाहिला, एवढंच. तो धरायचा असतो हे सुचलं नाही.

आई: मला राग आला होता तुझा. आजवर सांगितलं नाही, आज सांगते. हात दुखत होता त्याहून जास्त ते दुखलं. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब पाहिलेत मी पुष्कळ, पण दोन पावलांवरून कुणी हाकल्या नव्हत्या.

लेक: तू ओरड माझ्यावर.

आई: ओरडून काय होणार? ओरडलं तर तू "शांत राहा" म्हणशील.

लेक: आई, मला तेव्हा भीती वाटली नाही. वाईट वाटलं नाही. आत्ताही तू सांगतेयस आणि मला कळतंय की रडायला हवं. येत नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो, तशी मी सगळी झालेय. चावलं तरी कळत नाही.

आई: इंजेक्शन उतरतं.

लेक: दोन महिने झाले.

आई: दोन महिने. म्हणजे त्या फोनपासून. नवराबायकोचा होता तो, एवढंच तू सांगितलंस. मी विचारलं की म्हणायचीस, रोज असे शंभर येतात. त्यातला हाच का बसला मानगुटीवर?

लेक: नळ चालू होता.

आई: काय?

लेक: त्यांच्या स्वयंपाकघरात. बाई भांडी घासताना पडल्या. नळ तसाच राहिला. मला पूर्ण वेळ त्याचा आवाज येत होता. ते गृहस्थ मध्येच म्हणाले, ताई, नळ बंद करू का, पाणी वाया जातंय. मी म्हटलं, नको, दाबत राहा.

आई: थांब. माझ्या बाथरूममधला नळही चालू होता त्या दिवशी.

लेक: हो.

आई: अगं देवा.

लेक: एकवीस मिनिटं ते दाबत होते. साठी उलटलेले असावेत. दम लागला होता त्यांना. दर थोड्या वेळाने विचारायचे, गाडी निघाली का हो? मी म्हणायचे, निघाली आहे.

आई: मग उशीर का झाला?

लेक: निघाली नव्हती.

आई: म्हणजे?

लेक: सगळ्या गाड्या मोठ्या रस्त्यावरच्या अपघाताला गेल्या होत्या. चौदाव्या मिनिटाला पहिली मोकळी झाली. तोवर मी सहा वेळा निघाली म्हटलं. कार्डावर तसंच आहे. माणसाने धीर सोडू नये म्हणून तेच म्हणायचं असतं.

आई: आणि तुला समोर दिसत होतं, गाडी नाही ते.

लेक: स्क्रीनवर. सगळ्या लाल, एकही मोकळी नाही.

आई: बाई वाचल्या का?

लेक: कळत नाही आम्हाला. गाडी पोचली की आमचं काम संपतं. विचारायचं नसतं.

आई: विचारायचं नसतं! माणसं आहात की टेलिफोनचे डबे?

लेक: ते म्हणाले, आले वाटतं, जिन्यात आवाज येतोय. मग म्हणाले, ताई, तुमचे फार आभार. आणि फोन ठेवला.

आई: आभार?

लेक: त्यांनी आभार मानले, आई. मी त्यांना सहा वेळा खोटं सांगितलं आणि त्यांनी माझे आभार मानले. मग दुसरा फोन वाजला, मी उचलला. कुणाच्या तरी बोटात गळ अडकला होता.

आई: थांबलीस.

लेक: काय?

आई: सतरावर थांबलीस. तीसच्या आधी.

लेक: कंगवा खाली पडला.

आई: पडू दे. इकडे समोर ये. नको? बरं, तिथेच उभी राहा. मी मागे बघत नाही.

लेक: हं.

आई: आमच्यात, कंडक्टर लोकांत, एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि शेवटचा पाय आत आल्याशिवाय दोन द्यायच्या नाहीत. सत्तावीस वर्षांत एकदाच दिल्या मी. घाई होती, मागून शिव्या चालल्या होत्या. एक म्हातारी पायरीवरून गेली खाली. खुबा मोडला तिचा.

लेक: हे कधी सांगितलं नाहीस.

आई: तुझ्या बाबांनाही नाही. आठ दिवस दोरीला हात लावला नाही. प्रत्येक स्टॉपला ड्रायव्हरला तोंडाने ओरडून सांगायचे, चला, चला. पोरं हसायची. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, मावशी, काय झालंय ते कुणाला तरी सांगा, नाहीतर तुमचा घसा जाईल आणि माझे कान.

लेक: सांगितलंस?

आई: म्हातारीलाच सांगितलं. दवाखान्यात जाऊन. चूक माझी, दोन घंटा मी दिल्या.

लेक: ती काय म्हणाली?

आई: चांगली खरपूस शिवी दिली तिने. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! आभार मानले असते तर मीसुद्धा तुझ्यासारखीच झाले असते.

लेक: मला कोण शिवी देणार?

आई: मी एक दिली असती, पण माझा राग अर्धा उतरला आत्ताच, नळाचं कळल्यावर. अर्धा आहे अजून. तो राहील काही दिवस. चालेल ना?

लेक: चालेल.

आई: आणि तो फॉर्म. उद्या त्या खुर्चीत बसलीस, आणि पुन्हा कुणाच्या घरात नळ चालू असला तर?

लेक: तर मी कार्ड वाचेन.

आई: आणि संध्याकाळी घरी कोण येईल? माझी मुलगी की ते कार्ड?

लेक: माहीत नाही. मॅडमकडे जाऊनही काही झालं नाही तर? तिथेही मला काही वाटलं नाही तर?

आई: तर तेच सांग, काही वाटत नाही म्हणून. रडून दाखवायला जायचंय का तिथे? बाथरूममधलंही सांग. अकरा मिनिटं सांग. पाच म्हणू नकोस.

लेक: मग कामावर घेणार नाहीत लवकर.

आई: नाही घेतलं तर माझी वेणी आहेच. चल, भाड्याची गाडी बोलाव फोनवरून. मी येते बरोबर. बाहेर बाकावर बसेन.

लेक: या हाताने?

आई: हाताने कुठे बसतात गं?

लेक: बोलावते.

आई: मॅडमची खोली कितव्या मजल्यावर?

लेक: तळमजला.

आई: देव पावला. निघाली का गाडी?

लेक: निघा... थांब. बघते.

आई: बघ.

लेक: नाही, आई. निघाली नाही. जवळपास गाडीच नाहीये एकही.

आई: मग उशीर होईल.

लेक: होईल. मॅडमना फोन करून काय सांगू?

आई: हेच, जे मला सांगितलंस.

लेक: "गाडी अजून निघाली नाही."

आई: हं. आणि कंगवा उचल तो. वेणी घाल तोवर.