त्याच खोक्यातल्या उरलेल्या दोन

सोमेश्वर : मावशी, पुन्हा सांगून राह्यलो. ही पोलिसांची भानगड हाये. तुमची सून जळून गेली, लई वाईट झालं, बिलकुल मान्य. पण हा मेणबत्त्यांचा कारखाना हाये, कोर्ट न्हाई.

जयवंताबाई : कोर्टात मला कोन इचारतं, मालक? म्हणून तं हे खोकं घिऊन आले. चार व्हत्या. एक आधी लावल्ती, एक त्या दिवशी. ह्या दोन उरल्या. तुमच्याच हायेत न्हवं?

आकांक्षा : आपल्याच आहेत, सर. ग्लासातल्या.

सोमेश्वर : तू मधी बोलू नको, आकांक्षा. तू तुझी तपासणीची मशीन बघ.

जयवंताबाई : मशीन तू बघती? मंग तुलाच सांगते, माय. माझा गोरख जेलात हाये. वर्षाच्या माहेरचे म्हणतेत, त्यानंच तिला पेटिवली. तो म्हणतो, लाईट गेल्ती, वर्षानं ही मेणबत्ती लावली, अन् लावल्या लावल्या काच फाडकन फुटली. पेटतं मेण सांडलं, पदरानं पेट घेतला.

आकांक्षा : तुम्ही कुठं होतात तेव्हा?

जयवंताबाई : राजूरला, गणपतीला. चतुर्थी व्हती. आले तं दारात माणसांची ही गर्दी. मला एवढंच बघायचं, ही फुटती का.

सोमेश्वर : ऐकलंस? फुटली तर आपण मेलो. न्हाई फुटली तर हिचा पोरगा गेला. कशाला हात लावायचा?

आकांक्षा : सर, ह्याच मेणबत्त्या आज दुकानांत आहेत. फुटत असतील तर आपल्याला कळायला नको?

सोमेश्वर : तुझं बराबर हाये, पण... लाव मंग. लाव. कारखान्याबाहेर शब्द जायचा न्हाई.

आकांक्षा : मावशी, इथं बसा. ह्या काचेच्या पेट्यांत मेणबत्ती ठेवायची, मशीन स्वतःच पेटवतं. वरचा कॅमेरा ज्योतीवर लक्ष ठेवतो. ग्लास किती तापला तेही मोजलं जातं. काही बिघडलं की भोंगा वाजतो आणि मशीन ज्योत विझवतं.

जयवंताबाई : इझवतं? आमच्या घरात कोन व्हतं इझवायला? तू इझवू देऊ नको.

आकांक्षा : ते बंद करते. शेवटपर्यंत जळू दे.

जयवंताबाई : अन् खिडकी उघडी व्हती. वारं व्हतं.

आकांक्षा : मग दुसऱ्या पेटीत पंखा लावते. बघा, लागल्या दोन्ही.

जयवंताबाई : लागल्या.

आकांक्षा : हो.

जयवंताबाई : फुटली न्हाई.

आकांक्षा : थांबा, मावशी. आत्ताच तर लावल्यात.

जयवंताबाई : तो तं म्हणला, लावल्या लावल्या.

सोमेश्वर : चहा सांगू का, मावशी?

जयवंताबाई : नको.

आकांक्षा : दोघांचं कसं होतं? गोरखचं आणि वर्षाचं?

जयवंताबाई : नवरा-बायकोचं चालतं तसंच.

आकांक्षा : मारायचा?

जयवंताबाई : दारू पेत न्हाई तो. एक थेंब न्हाई.

आकांक्षा : घरात आणखी कोण होतं त्या दिवशी?

जयवंताबाई : राजनंदिनी. नात माझी. बालवाडीत जाती. तवापसून मुकी झाल्यावानी. बापाचं नाव काढलं की कोपऱ्यात जाऊन बसती. आगीचं भेव बसलं असंल, म्हणते मी.

आकांक्षा : आगीला घाबरते का ती?

जयवंताबाई : न्हाई. चुलीपाशी बसती की माझ्याजवळ.

(दुपार टळून गेली आहे. दुसऱ्या पेटीचा भोंगा वाजतो.)

जयवंताबाई : फुटली! माय, फुटली! बघा मालक, बघा! खरं बोलत व्हता माझा गोरख!

सोमेश्वर : मेलो. आकांक्षा, बंद कर ते आधी!

आकांक्षा : तडा गेलाय. मेण तळाला आलं, वाऱ्यानं ज्योत एका बाजूला कलली आणि तिथंच काच तापली. सर, दुकानांतला माल परत बोलवावा लागेल.

सोमेश्वर : सगळा?

आकांक्षा : सगळा.

जयवंताबाई : हे जजसायबाला दावलं तं सुटंल ना तो?

आकांक्षा : वकिलानं नीट मांडलं तर... सुटेलही.

सोमेश्वर : मावशी, जल्दी नका करू. आपण बसून बोलू. काय लागंल ते मी बघतो.

जयवंताबाई : तुम्ही गप बसा, मालक. माय, तू सांग. मेण कुठं सांडलंय ह्याच्यातलं?

आकांक्षा : सांडायला मेण उरलंच नव्हतं. काच जागेवरच आहे. ज्योत आपोआप गेली.

जयवंताबाई : अन् भरलेली असती तं?

आकांक्षा : भरलेल्या होत्या तेव्हा दोन्हींना काही झालं नाही. तुम्ही समोरच होतात.

जयवंताबाई : एखांदी फुटत असंल.

आकांक्षा : असेल. फुटतच नाही असं मी म्हणू शकत नाही.

जयवंताबाई : पण तुला वाटत न्हाई तसं.

आकांक्षा : तुम्हाला वाटतं?

जयवंताबाई : मी आई हाये त्याची. मला नको इचारू.

सोमेश्वर : तो ग्लास इथंच राहील. बाहेर न्यायचा न्हाई.

आकांक्षा : सर, मेणबत्ती त्यांची आहे. खोकं त्यांनी आणलंय. मावशी, गार झालाय, कागदात बांधून देते.

जयवंताबाई : दे. उंद्या वकिलाला न्हेऊन देते.

आकांक्षा : स्टँडपर्यंत सोडू का तुम्हाला?

जयवंताबाई : सोड. आधी घरी जाते, पोरीचे कपडे बांधते. तिच्या आईच्या आईकडं पोचवून येते आजच.

आकांक्षा : का, मावशी? तुमच्याजवळ बसते ना ती?

जयवंताबाई : गोरख सुटून आला, तं पोर त्या घरात नको.