साहेबराव सरांच्या ओळीवर लाल

...नाही, तुम्हीच सांगा, माझं चुकलं काय? मी एवढंच म्हटलं होतं, की नोट्सची फाइल एकच ठेवूया. ताथवड्याच्या कॉलेजात मी कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे स्टाफरूमचं दार वाऱ्याने आपटलं तरी मला वाटतं, गेली नोकरी... आणि त्यात एचओडींनी बजावलेलं, "हर्षाली मॅडम, बाहेरचे परीक्षक येणार, लेथ मशीनच्या जर्नलमध्ये सगळ्या मुलांचं एकच उत्तर दिसलं पाहिजे, नाहीतर जूनला तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं बघावं लागेल." बघावं लागेल म्हणजे काय, हे विचारायची हिंमत कोणात आहे?

ग्रुपवर नोट्स कशा, तर 'फायनल', 'फायनल नवीन', 'हीच फायनल'. म्हणून सगळं गिटवर, म्हणजे कोणी काय बदललं ते नावासकट जपणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाकलं आणि समजावलं, की सर, मूळ प्रत सगळ्यांची, तिचं नाव मेन. बदल करायचा तर आपली ब्रँच, म्हणजे वेगळी प्रत काढा, तिथे हवं ते लिहा, आणि मग मेनमध्ये मर्ज करा, म्हणजे मिसळा. ब्रँच काढणं सगळ्यांना जमलं. मर्जचं नाव कोणी काढेना.

साहेबराव सर सगळ्यांत सीनियर, त्यांची ब्रँच त्यांच्याच नावाची. रणजीत सर भोसरीच्या वर्कशॉपमधून शिकवायला आलेले, त्यांनी ब्रँच काढली ती साहेबराव सरांच्या ब्रँचमधून. म्हटलं, अहो, मेनमधून काढायची असते. तर हळूच म्हणतात कसे, "सरांना सोडून डायरेक्ट मेन? बरं दिसतं का ते, मॅडम?"

शेवटी हातापाया पडून रणजीत सरांना एक मर्ज करायला बसवलं, आणि स्क्रीनवर काय यावं... साहेबराव सरांची ओळ लाल, म्हणजे खोडलेली, आणि वर खोडणाऱ्याचं नाव. मागून आवाज आला, "रणजीत, माझ्या ओळीवर लाल?" मी अशी दचकले, की अख्खा चहा कीबोर्डवर. "सर, ते मशीन दाखवतं हो," मी म्हटलं. "मग नाव मशीनचं का नाही?"

झालं. तेव्हापासून सरांची ओळ कोणी खोडेना, आपली कोणी काढेना. मेनमध्ये काय उरलं? 'टूल टेकवण्याआधी कूलंट सुरू करा.' आणि खाली लगेच, 'टूल टेकवल्यावर कूलंट सुरू करा.' मी रडकुंडीला, आणि साहेबराव सर शांत, "राहू द्या दोन्ही. मुलं हुशार आहेत." अहो, पण मी एवढंच म्हटलं होतं...

परीक्षेचा दिवस. परीक्षक जर्नल उघडतायत, मी डोळे मिटतेय... आणि सगळ्यांचं उत्तर एकच, शब्दन् शब्द! "वा, विभागात एकवाक्यता आहे," परीक्षक म्हणाले. साहेबराव सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच मला गिट शिकवलं. मी एका मुलीला, पुनमला, कोपऱ्यात घेतलं. "गिट कोण उघडतंय, मॅडम? गेटबाहेर भिमाजीकाकांच्या झेरॉक्सवर गेल्या वर्षीच्या जर्नलचा सेट मिळतो. सगळे तोच उतरवतात."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. का, तर आता सगळ्या कॉलेजच्या नोट्स मीच गिटवर एक करायच्या. म्हटलं, मरू दे, निदान तो झेरॉक्सचा सेट आणून मेनमध्ये टाकावा. गेले. "काका, लेथचा एक सेट द्या."

भिमाजीकाका खुशीत. "कोणता देऊ? तुमची पोरं इथनंच नेतात कळल्यावर दोन्ही सर येऊन आपापला देऊन गेले. साहेबराव सरांचा वर ठेवलाय बघा, सीनियर हायेत ना."